विश्वकिरणांचा शोध

बाह्य अवकाशातून पृथ्वीच्या वातावरणावर सर्व दिशांनी अहोरात्र येऊन आदळणाऱ्या अतिशय उच्च ऊर्जेच्या कणांना ‘विश्वकिरण’ ही संज्ञा आहे. ‘वैश्विक किरण’ हा पर्यायही मराठीत रूढ आहे. या कणांत सु. ९०% प्रोटॉन (हायड्रोजनाची अणुकेंद्रे), सु. ९% हीलियमाची अणुकेंद्रे आणि उरलेल्यांत अधिक जड मूलद्रव्यांची अणुकेंद्रे व इलेक्ट्रॉन असतात. वातावरणातील अणूंवर आदळून ते नवे कण निर्माण करतात. अवकाशातून येणाऱ्या मूळ कणांना प्राथमिक व वातावरणात निर्माण होणाऱ्या कणांना दुय्यम विश्वकिरण म्हणतात. समुद्रसपाटीवर दर चौ. सेंमी. क्षेत्रातून दर मिनिटाला सरासरीने असा सु. एक दुय्यम कण आरपार जात असतो. ‘किरण’ हा शब्द या कणांना काटेकोरपणे लागू पडत नाही. ते गॅमा किरणांच्या जातीचे असावेत अशी समजूत होती, त्या काळात हे नाव पडले आणि समजूत गेल्यावरही ते टिकून राहिले.

या किरणांच्या शोधाचा दिवस म्हणून ७ ऑगस्ट १९१२ हा दिवस सामान्यतः सांगितला जातो. त्या दिवशी व्हिक्टर फ्रान्झ हेस या ऑस्ट्रियन भौतिकीविज्ञांनी बलूनमधून ५ किमी.हून अधिक उंची गाठून निर्णायक मापने केली. परंतु ज्या प्रश्नाचे हे उत्तर होते, तो प्रश्न त्यापूर्वी किमान अकरा वर्षे भौतिकीविज्ञांना सतावीत होता आणि उत्तर मिळाल्यानंतरही ते सर्वमान्य होण्यास आणखी तेरा वर्षे लागली. प्रश्न दिसायला क्षुल्लक होता. विद्युत् दर्शकातील भार हळूहळू नाहीसा का होतो, एवढाच तो होता.

प्रश्नाचा उगम : विद्युत् दर्शकात धातूच्या दांडीस सोन्याच्या वर्खाची दोन पाने जोडलेली असतात. दांडीला विद्युत् भार दिला असता पाने एकमेकांना दूर सारतात. निरोधन कितीही चांगले असले, तरी काही काळाने पाने मिटतात. हवेत ठेवलेल्या भारित वस्तूचा भार अशा रीतीने कमी होतो, हे शार्ल ऑग्युस्तीन दे कुलंब यांनी १७८५ मध्येच नोंदविले होते. यंत्राच्या बांधणीतील दोष म्हणून याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १८७९ मध्ये विल्यम क्रुक्स यांना असे आढळून आले की, भांड्यातील हवेचा दाब कमी केल्यास भार जाण्याचा वेगही कमी होतो. म्हणजे गळती आधारातून होत नसून हवेमार्फत होत होती.

क्ष-किरण (१८९५) आणि किरणोत्सर्ग (१८९६) यांच्या शोधानंतर या घटनेचे स्वरूप उलगडले. हे किरण वायूच्या रेणूंपासून इलेक्ट्रॉन अलग करतात व त्यामुळे धन आणि ऋण आयन (विद्युत् भारित अणू, रेणू वा अणुगट) तयार होतात. या आयनीभवनामुळे वायू विद्युत् संवाहक बनतो आणि विरुद्ध भाराचे आयन दर्शकाच्या पानांकडे ओढले जाऊन तेथील भार नाहीसा करतात. मात्र जवळपास किरणोत्सर्गी द्रव्य नसताना, धूळविरहित व कोरड्या हवेने भरलेल्या बंद भांड्यातही आयन सतत निर्माण होत राहतात, असे यूलिउस एल्स्टर व हान्स गायटल यांनी जर्मनीत आणि चार्ल्स टॉमसन रीस विल्सन यांनी ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे दाखविले (१९००–०१). दर घ. सेंमी. हवेत दर सेकंदाला आयनांच्या फक्त काही जोड्या, एवढेच हे प्रमाण होते. प्रयोगशाळेच्या दैनंदिन कामात ही गळती त्रासदायक असली, तरी सुधारणा म्हणून सोडून देता येण्याजोगी होती. ती सोडून न देता तिचे कारण शोधणाऱ्यांच्या चिकाटीतूनच पुढील सर्व इतिहास घडला.

विल्सन यांनी १९०१ मध्येच अशी शंका व्यक्त केली होती की, हे आयनीभवन वातावरणाच्या बाहेरून येणाऱ्या अतिभेदक प्रारणामुळे (तरंगरूपी ऊर्जेमुळे) होत असावे. ती तपासण्यासाठी त्यांनी आपले उपकरण रात्री, गाड्यांची वाहतूक थांबल्यावर, स्कॉटलंडमधील पीबल्सजवळच्या रेल्वे बोगद्यात नेले. डोक्यावर खडकाचा जाड थर असूनही आयनीभवनात घट दिसली नाही, तेव्हा त्यांनी ती कल्पना सोडून दिली. ती बरोबर होती, पण प्रयोगाचा निष्कर्षही त्या परिस्थितीत गैर म्हणता येत नाही. खडकांत अल्प प्रमाणात किरणोत्सर्गी द्रव्ये असतात व वरून येणारे प्रारण खडकाने जेवढे अडविले जाते, त्याची उणीव ती भरून काढू शकतात. या अडचणीतून पुढे जमिनीपासून दूर जाण्याची गरज निर्माण झाली. विल्सन यांनीच पुढे विकसित केलेली मेघकोठी (जिच्यातील बाष्पसंपृक्त वायूत विद्युत् भारित कणाचा मार्ग जलबिंदूंच्या रेषेने दृश्य होतो, असे उपकरण) या किरणांच्या अभ्यासाचे मुख्य साधन ठरली, हा एक योगायोग होय.

जमीन, समुद्र आणि मनोरा : अर्नेस्ट रदरफर्ड व एच्. एल्. कुक, तसेच जॉन मॅक्लेनन व ई. एफ्. बर्टन यांनी १९०३ मध्ये दर्शकाभोवती शिसे किंवा पाणी ठेवून पाहिले, तेव्हा आयनीभवन सु. एक-तृतीयांशाने घटले. यावरून प्रारणाचा निदान काही भाग भांड्याच्या बाहेरून येतो, हे सिद्ध झाले. भूपृष्ठात रेडियम व थोरियम या कुलांतील मूलद्रव्ये सर्वत्र आढळतात, हे तोपर्यंत कळले होते. त्यामुळे उगम जमिनीत आहे, हे मत जवळजवळ सर्वांनी स्वीकारले. ते खरे असेल, तर जमिनीपासून जसजसे वर जावे, तसतसे आयनीभवन घटले पाहिजे. जमिनीतून येणाऱ्या गॅमा किरणांची तीव्रता हवेत सु. ८० मी. अंतरात निम्मी होते, असा त्या वेळचा अंदाज होता.

टेओडोर वुल्फ हे जेझुइट पंथाचे जर्मन धर्मगुरू नेदर्लंड्समधील व्हाल्कनबर्ग येथे भौतिकी शिकवीत. त्यांनी सोन्याच्या पानांऐवजी दोन सूक्ष्म तंतू वापरून, प्रवासात धक्के सोसू शकेल असा विद्युत् मापक तयार केला. तंतूंमधील अंतर सूक्ष्मदर्शकाने वाचता येत असे. पुढील सर्व मापनांचा पाया या उपकरणाने घातला. १९१० च्या वसंत ऋतूत वुल्फ यांनी ते पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर नेले. पायथ्याशी दर घ. सेंमी.ला दर सेकंदास सु. ६ आयन, तर सु. ३०० मी. उंचीवर सु. ३·५ आयन आढळले. जमिनीतील उगमाच्या कल्पनेनुसार तेथे मूळ तीव्रतेचा एक दशांशही भाग उरावयास नको होता. वुल्फ यांनी दोन शक्यता मांडल्या : एक तर वातावरणाच्या वरच्या भागात आणखी एखादा उगम असावा किंवा हवेत गॅमा किरणांचे शोषण समजुतीपेक्षा बरेच कमी होत असावे. याच सुमारास आल्बेर्ट गोकेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये बलूनमधून सु. ४,५०० मी.पर्यंत मापने केली. त्यांनाही अपेक्षित घट आढळली नाही, परंतु त्यांची मापने निर्णायक ठरली नाहीत.

इटलीतील दोमेनीको पाचीनी यांनी वेगळा मार्ग निवडला. समुद्राच्या पाण्यात किरणोत्सर्गी द्रव्ये फार अल्प असतात. उगम जमिनीत असेल, तर किनाऱ्यापासून दूर आयनीभवन बरेच कमी भरावे; पण इटालियन नौदलाच्या जहाजावरील मापनांत तसे दिसले नाही. जून १९११ मध्ये त्यांनी लिव्होर्नोजवळ, किनाऱ्यापासून सु. ३०० मी. अंतरावर, तांब्याच्या पेटीत बंद केलेला दर्शक पाण्यात ३ मी. खोल बुडविला. आयनीभवन सु. २०% नी कमी झाले. खालच्या पाण्यातून काही येत नव्हते व वरच्या पाण्याने काही तरी अडविले होते. भूपृष्ठातील किरणोत्सर्गी द्रव्यांशी संबंध नसलेले भेदक प्रारण वातावरणात आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९१२ च्या प्रारंभी प्रसिद्ध केला. तो हेस यांच्या प्रसिद्ध उड्डाणाच्या काही महिने आधीचा आहे. इटलीबाहेर त्याची दखल फारशी घेतली गेली नाही आणि पाचीनी १९३४ मध्ये निधन पावले. त्यांचे श्रेय मान्य करताना एक भेदही लक्षात ठेवला पाहिजे. प्रारण जमिनीतील नाही, हे त्यांच्या प्रयोगाने दाखविले. ते वरून येते व उंचीबरोबर वाढते, हे दाखविण्यासाठी वरच जावे लागणार होते.

हेस यांची उड्डाणे : हेस (१८८३–१९६४) हे व्हिएन्ना येथील रेडियम संशोधन संस्थेत काम करीत. त्यांची बलून उड्डाणे पुष्कळ वर्णिली गेली आहेत, पण त्यांच्या पूर्वतयारीकडे तेवढे लक्ष दिले जात नाही. वुल्फ यांनी मांडलेल्या दोन शक्यतांपैकी दुसरी, म्हणजे हवेतील शोषणाबद्दलची, जमिनीवरच तपासता येण्याजोगी होती. रेडियमाचे प्रबल नमुने त्यांच्या संस्थेत उपलब्ध होते. हेस यांनी अशा नमुन्यापासून विद्युत् मापक ९० मी.पर्यंत क्रमाक्रमाने दूर नेऊन गॅमा किरणांच्या हवेतील शोषणाचे थेट मापन केले. अगोदरचा अंदाज बरोबर निघाला. जमिनीतील गॅमा किरण सु. ५०० मी. उंचीवर जवळजवळ नाहीसे झालेले असले पाहिजेत, हे निश्चित झाले. यामुळे त्याहून अधिक उंचीवर जे काही आढळेल, त्याचे कारण जमिनीत शोधण्याची सोय उरली नाही. शिवाय जाड धातूच्या भिंती असलेले पूर्णपणे हवाबंद मापक त्यांनी वापरले. बाहेरील हवेचा दाब उंचीनुसार कमी झाला, तरी आतील हवेचे प्रमाण तेच राहावे, हा त्यामागील हेतू होता. आतील हवा विरळ झाली असती, तर आयनही कमी तयार झाले असते व वाढ असली, तरी झाकली गेली असती. एक मापक बिघडल्यास शंका राहू नये, म्हणून एकाच वेळी अनेक मापके नेण्यात आली. त्यांपैकी एकाची भिंत मुद्दाम पातळ ठेवली होती.

१९११ मध्ये दोन व १९१२ मध्ये सात उड्डाणे झाली. १७ एप्रिल १९१२ चे उड्डाण खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी केलेले होते. सूर्य झाकला जात असतानाही आयनीभवन कमी झाले नाही. रात्रीच्या उड्डाणांतही दिवसाइतकीच मूल्ये मिळाली. त्यामुळे या प्रारणाचा मुख्य उगम सूर्य असण्याची शक्यता मागे पडली.

सर्वांत महत्त्वाच्या सातव्या उड्डाणासाठी हायड्रोजनाने भरलेले बलून वापरण्यात आले. ७ ऑगस्ट १९१२ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ते बोहीमियातील आउसिग (आताचे चेक प्रजासत्ताकातील ऊस्ती नाद लाबेम) येथून निघाले. पाळण्यात हेस यांच्याखेरीज एक चालक व एक वातावरणविज्ञ होते. बलून उत्तरेकडे वाहत जाऊन ५,३५० मी. उंचीवर पोहोचले व दुपारी बर्लिनच्या पूर्वेस सु. ५० किमी.वर उतरले. सर्व मापकांच्या वाचनांत एकच कल दिसून आला. सु. १,००० मी.पर्यंत आयनीभवन किंचित कमी होते, कारण जमिनीचा प्रभाव ओसरतो. मग ते वाढू लागते. सु. १,५०० मी.वर ते जमिनीवरील मूल्याइतके होते आणि ५,००० मी.च्या आसपास त्याच्या दुपटीच्या घरात जाते. अतिशय भेदनक्षम असे प्रारण वरून वातावरणात शिरत असावे, असा निष्कर्ष हेस यांनी त्याच वर्षी मांडला.

जर्मनीत व्हेर्नर कोलहॉर्स्टर यांनी सुधारित मापकांसह १९१३–१४ मध्ये ही मापने पुढे नेली. २८ जून १९१४ रोजी ते ९,३०० मी. उंचीवर पोहोचले. तेथे आयनीभवन जमिनीवरील मूल्याच्या कित्येक पट आढळले आणि प्रारणाची भेदनक्षमता ज्ञात गॅमा किरणांहून बरीच अधिक असल्याचे दिसून आले. त्याच दिवशी साराएव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजांची हत्या झाली. काही आठवड्यांत सुरू झालेल्या महायुद्धाने हे संशोधन अनेक वर्षे थांबविले.

संशय आणि स्वीकार : युद्धोत्तर काळात हा विषय अमेरिकेत गेला. इलेक्ट्रॉनाच्या भाराचे अचूक मापन करणारे रॉबर्ट अँड्र्यूज मिलिकन व आय्. एस्. बोवेन यांनी १९२२ मध्ये टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथून स्वयंचलित नोंद करणारी हलकी उपकरणे मानवरहित फुग्यांनी सु. १५ किमी. उंचीपर्यंत सोडली. आयनीभवनात वाढ आढळली, पण युरोपातील मापनांवरून जेवढी अपेक्षित होती तिच्या जवळपास चतुर्थांशच. मिलिकन यांनी त्यावरून बाह्य उगमाची कल्पनाच अमान्य केली. मापने चुकीची नव्हती. टेक्सस मध्य युरोपापेक्षा विषुववृत्ताला जवळ आहे आणि तेथे कमी किरण पोहोचतात, ही गोष्ट तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. ज्या फरकातून या किरणांचे खरे स्वरूप कळू शकले असते, तोच फरक त्यांचे अस्तित्व नाकारण्यास कारण झाला.

मिलिकन यांचे मत बदलले ते त्यांच्या स्वतःच्याच प्रयोगाने. १९२५ मध्ये त्यांनी जी. हार्व्ही कॅमेरॉन यांच्यासह कॅलिफोर्नियातील बर्फाच्या पाण्याने भरलेल्या दोन पर्वतीय सरोवरांत विद्युत् दर्शक बुडवून मापने केली. म्यूर सरोवर सु. ३,६०० मी.वर, तर ॲरोहेड सरोवर सु. १,५५० मी.वर आहे. या दोन पातळ्यांमधील हवेचा थर शोषणाच्या दृष्टीने सु. २ मी. पाण्याबरोबर भरतो. वरच्या सरोवरात एखाद्या खोलीवर मिळणारे वाचन खालच्या सरोवरात त्याहून सु. २ मी. उथळ जागी मिळाले. याचा अर्थ मधल्या हवेने प्रारण निर्माण केले नव्हते, फक्त शोषले होते. ते त्या हवेच्याही वरून आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिलिकन यांनी या प्रारणाला ‘कॉस्मिक रेज’ हे नाव दिले. अमेरिकन वृत्तपत्रांनी तर ‘मिलिकन किरण’ असाच गाजावाजा केला. हेस, कोलहॉर्स्टर प्रभृतींनी याचा निषेध करणे स्वाभाविक होते. मिलिकन यांच्या प्रयोगाची गुणवत्ता मोठी आहे, पण तो शोध नव्हे, शोधाची पुष्टी होय. १९३६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक हेस यांना (कार्ल डेव्हिड अँडरसन यांच्याबरोबर विभागून) मिळाले, तेव्हा हा वाद औपचारिक रीत्या मिटला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर हेस यांना ग्रात्स येथील प्राध्यापकपद सोडावे लागले. ते अमेरिकेत गेले व न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात त्यांनी उरलेले आयुष्य अध्यापनात घालविले.

किरण की कण? : मिलिकन यांच्या मते हे प्रारण म्हणजे अतिशय उच्च ऊर्जेचे गॅमा किरण होते. अवकाशात हलक्या अणूंपासून जड अणू घडताना ते बाहेर पडतात, अशी त्यांची उपपत्ती होती. तिचा पाया १९२९ मध्ये हादरला. व्हाल्टर बोटे व कोलहॉर्स्टर यांनी दोन गायगर-म्यूलर गणित्रे (आत शिरणाऱ्या प्रत्येक आयनकारी कणाची विद्युत् स्पंदाच्या रूपाने नोंद करणारी उपकरणे) एकावर एक ठेवली. दोन्हींत एकाच वेळी नोंद होणे म्हणजे एकच विद्युत् भारित कण दोहोंतून गेला, असे समजता येते. दोहोंमध्ये सु. ४ सेंमी. जाडीचा सोन्याचा ठोकळा ठेवला, तरी अशा जोडनोंदींपैकी सु. तीन-चतुर्थांश टिकून राहिल्या. गॅमा किरणांनी उडविलेले इलेक्ट्रॉन एवढे सोने भेदू शकत नाहीत, असे तेव्हा मानले जात होते. इटलीतील ब्रूनो रॉसी यांनी १९३० मध्ये अशा सहघटना ओळखणारे इलेक्ट्रॉन नलिकांचे विद्युत् मंडल तयार केले आणि काही कण १ मी. जाडीच्या शिशातूनही पार जातात, हे पुढे दाखवून दिले.

कण विद्युत् भारित असतील, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात त्यांचे मार्ग वळले पाहिजेत. चुंबकीय विषुववृत्तावर बलरेषा क्षितिजसमांतर असल्याने वरून येणाऱ्या कणाला त्या ओलांडाव्या लागतात; प्रोटॉनाला त्यासाठी सु. १५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. ध्रुवाजवळ मात्र कमी ऊर्जेचे कणही बलरेषांच्या दिशेने खाली उतरू शकतात. डच भौतिकीविज्ञ याकोब क्ले यांना १९२७ पासून जावा व नेदर्लंड्स यांच्यामधील जलप्रवासांत विषुववृत्ताजवळ तीव्रता कमी आढळत होती. आर्थर हॉली काँप्टन यांनी १९३२ मध्ये निरनिराळ्या खंडांत पथके पाठवून सु. ७० ठिकाणी मापने करविली. अलास्कातील मौंट मॅकिन्ली (देनाली) या शिखराच्या हिमनदीवर मापनासाठी गेलेले ॲलन कार्प व थीओडोर कोव्हन हे दोघे हिमभेगांत पडून मृत्यू पावले. सर्व मापनांचा मेळ घातल्यावर तीव्रता भूचुंबकीय अक्षांशानुसार बदलते, हे निःसंशय ठरले. डिसेंबर १९३२ मध्ये अटलांटिक सिटी येथील परिषदेत काँप्टन व मिलिकन या दोन नोबेल विजेत्यांमधील वाद इतका तीव्र झाला की, वृत्तपत्रांनी तो ठळकपणे छापला. १९३३ मध्ये मेक्सिको सिटी व एरिट्रियातील अस्मारा येथील मापनांत पूर्वेपेक्षा पश्चिमेकडून अधिक कण येतात असे आढळले. यावरून प्राथमिक कणांचा भार प्रामुख्याने धन आहे, हेही कळले. ते बहुतांशी प्रोटॉन आहेत, हे १९४१ मध्ये मार्सेल शाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्यांच्या साहाय्याने दाखविले, तर जड अणुकेंद्रांचे अस्तित्व १९४८ मध्ये उघड झाले.

नव्या कणांचा शोध : कणवेगवर्धक यंत्रे पुरेशी समर्थ होण्यापूर्वी उच्च ऊर्जेचे कण केवळ विश्वकिरणांतच मिळत. अँडरसन यांनी १९३२ मध्ये मेघकोठीत पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनाइतकेच वस्तुमान व धन भार असलेला कण) शोधला. १९३६–३७ मध्ये अँडरसन व सेथ नेडरमायर यांना इलेक्ट्रॉनापेक्षा सु. २०० पट जड कण आढळला. अणुकेंद्रातील घटक एकत्र बांधणाऱ्या बलासाठी हिडेकी युकावा यांनी १९३५ मध्ये भाकीत केलेला कण तो हाच, असे प्रथम वाटले. पण तो द्रव्यातून जाताना अणुकेंद्रांशी फारसा संबंध ठेवत नाही, हे इटलीतील प्रयोगांत दिसून आले. हा कण म्हणजे म्यूऑन. युकावांचा खरा कण, पायऑन, १९४७ मध्ये सेसिल पॉवेल, सेझार लातेस व ज्यूझेप्पे ओक्यालीनी यांनी पर्वतशिखरांवर ठेवलेल्या छायाचित्रीय पायसाच्या काचपट्ट्यांत ओळखला.

या कामात भारताचा वाटा उल्लेखनीय आहे. होमी जहांगीर भाभा यांनी १९३७ मध्ये व्हाल्टर हाइटलर यांच्यासह वर्षावांचा सिद्धांत मांडला. उच्च ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन गॅमा किरण निर्माण करतो, त्यापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी होते व हीच क्रिया पुढे चालू राहून कणांची संख्या वाढत जाते, हे त्याचे सार होय. या सिद्धांताने मृदू घटकाचा उलगडा झाला; त्यात न बसणारा भेदक घटक इलेक्ट्रॉनांचा नसून अधिक जड कणांचा असला पाहिजे, हेही त्यातूनच स्पष्ट होऊ लागले. मध्यम वस्तुमानाच्या या कणांना ‘मेसोट्रॉन’ऐवजी ‘मेसॉन’ म्हणावे, ही भाभांचीच सूचना. ग्रीक ‘मेसोस’ या शब्दात ‘ट्र’ नाही, असे त्यांचे साधे व्याकरणशुद्ध कारण होते.

कोलकात्याच्या बोस संस्थेत देबेंद्र मोहन बोस व बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी छायाचित्रीय काचपट्ट्या दीर्घकाळ ठेवल्या व त्यांतील मार्गांवरून मेसॉनाच्या वस्तुमानाचा अंदाज केला. ही पद्धत पॉवेल यांच्या आधीची असून १९४१ च्या सुमारास ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. युद्धकाळात अधिक संवेदनशील पट्ट्या भारतात मिळत नसल्याने ते काम पुढे जाऊ शकले नाही. पाचीनींप्रमाणेच येथेही कल्पना होती, पद्धत होती. उणीव होती ती साधनांची आणि केंद्रापासूनच्या अंतराची.

भाभा १९३९ पासून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. १९३९–४० च्या हिवाळ्यात मिलिकन यांचे पथक फुगे घेऊन भारतात आले, त्यामागेही भूचुंबकीय अक्षांशाचाच प्रश्न होता. दक्षिण भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फुग्यांच्या उड्डाणांपासून खोल खाणींतील प्रयोगांपर्यंत हे संशोधन विस्तारले. विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची नोंद १९६५ मध्ये कोलार सुवर्णखाणीत २ किमी.हून अधिक खोलीवर, भारत, जपान व ब्रिटन यांच्या संयुक्त प्रयोगात झाली. वर सु. दोन किमी.हून जाड खडक असल्याने बाकीचे बहुतेक सर्व कण गाळले जातात. विल्सन यांनी बोगद्यात जे करून पाहिले होते, त्याच तत्त्वाचा हा यशस्वी उपयोग होता.

उगमाचा प्रश्न : १९३८ मध्ये प्येर ओझे व त्यांचे सहकारी यांना शेकडो मीटर अंतरावर ठेवलेल्या गणित्रांत एकाच वेळी नोंदी होत असल्याचे आढळले. हे वर्षाव एकाच प्राथमिक कणापासून होतात, हे गृहीत धरल्यास त्याची ऊर्जा १०<sup>१५</sup> इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात येत होती. १९६२ मध्ये न्यू मेक्सिकोतील केंद्रावर सु. १०<sup>२०</sup>, तर १९९१ मध्ये यूटा राज्यात सु. ३ × १०<sup>२०</sup> इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या कणाची नोंद झाली. एका अतिसूक्ष्म कणात जोराने फेकलेल्या चेंडूइतकी ऊर्जा सामावलेली असणे, हे मोठे कोडे आहे.

अतिदीप्त नवताऱ्यांच्या (तेजस्विता अचानक प्रचंड वाढणाऱ्या स्फोटक ताऱ्यांच्या) ठिकाणी विश्वकिरण निर्माण होत असावेत, ही कल्पना व्हाल्टर बाडे व फ्रिट्स त्स्विकी यांनी १९३४ मध्ये मांडली. आकाशगंगेतील चुंबकित वायुमेघांवर पुनःपुन्हा आदळून कणांना वेग मिळतो, अशी यंत्रणा एन्रीको फेर्मी यांनी १९४९ मध्ये सुचविली. अशा स्फोटांच्या दोन अवशेषांतून प्रोटॉन वेगवर्धित होत असल्याचा गॅमा किरणरूपी पुरावा कृत्रिम उपग्रहावरील फेर्मी दूरदर्शकाने २०१३ मध्ये मिळविला. अर्जेंटिनातील सु. ३,००० चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेल्या प्येर ओझे वेधशाळेने २०१७ मध्ये दाखविले की, ८ × १०<sup>१८</sup> इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जेचे कण सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात येत नाहीत आणि त्यांचा कल आकाशगंगेच्या बाहेरील उगमाकडे बोट दाखवितो. त्याहूनही अधिक ऊर्जेचे कण कोणत्या खस्थ पदार्थांत एवढा वेग घेतात, याचा निर्णय झालेला नाही. चुंबकीय क्षेत्रांत मार्ग वळत असल्याने कण जेथून आल्यासारखा दिसतो, तेथे त्याचा उगम असेलच असे नाही, ही या शोधातील मुख्य अडचण आहे.